साइक्स: यॉर्कशरचं एक आडनाव आणि शेजारच्या काकांचा प्रश्न

पऱ्ह्याकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचते आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण हा प्रश्न विचारायला दुसरी जागा सुचली नाही.

मी इंग्लंडात यॉर्कशरमध्ये, हडर्सफील्डच्या पश्चिमेला कोल्न नदीच्या खोऱ्यात राहते. गावाचं नाव कागदावर स्लेथवेट, पण इथला माणूस ‘स्लाउइट’ म्हणतो. एका शाळेच्या ऑफिसात काम करते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हजेरीपट हातात आला, तर एकाच वर्गात तीन साइक्स. भावंडं किंवा चुलत भावंडं असतील असं धरून मी तिघांच्या घरी एकच चिठ्ठी पाठवली, आणि तीनही आयांनी वेगवेगळं सांगितलं, “ते आमचे कोणी नाहीत.” नंतर कळलं की इथे हे आडनाव आपल्याकडच्या पाटलांसारखं आहे. दुकानाच्या पाटीवर, दवाखान्यात, चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर, जिकडे बघाल तिकडे साइक्स.

शेजारी राहणारे काकाही साइक्स. वय ८१. सगळी हयात लोकरीच्या गिरणीत गेली. ते मला भिंतीवरून कांद्याची पात देतात, मी त्यांना भाकरी देते. नाताळात त्यांच्या मुलीने त्यांना डीएनए चाचणीचं किट भेट दिलं. जगातले सगळे साइक्स एकाच पुरुषाचे वंशज आहेत, असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे ते केवढे खूश होते! त्यांनी दोन चाचण्या केल्या, एक सर्वसाधारण आणि एक खास वाय गुणसूत्राची, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची.

वाय गुणसूत्राचा निकाल आला. साइक्स पुरुषांचा जो मुख्य गट आहे त्याच्याशी त्यांचं काहीच जुळत नाही. त्यांनी तो कागद चार घड्या घालून चहाच्या डब्यात ठेवला आणि मला म्हणाले, “म्हणजे मी साइक्स नव्हेच.”

मला उत्तर देता आलं नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया नीट सांगा. हे ‘एका पुरुषाचे वंशज’ प्रकरण खरं आहे का? आणि काकांना मी काय सांगू?

लॅबवाली

ताई, काकांनी वाचलं ते हवेतलं नाही. नावानिशी सांगते.

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स (ते २०२० साली गेले) यांना एकदा ग्लॅक्सो वेलकम या औषध कंपनीत व्याख्यानाला बोलावलं होतं. कंपनीचे अध्यक्ष होते सर रिचर्ड साइक्स. तुम्ही एकमेकांचे नातेवाईक का, असं लोकांनी विचारलं. दोघांनाही काही माहीत नव्हतं. ब्रायन साइक्स यांनी दोघांचं वाय गुणसूत्र तपासलं आणि ते जुळलं. मग त्यांनी कॅथरीन अर्व्हेन या सहकारी संशोधिकेबरोबर नीट अभ्यास केला. साइक्स आडनावाच्या अनोळखी पुरुषांना पत्रं लिहून नमुने मागवले. २००० साली हा अभ्यास छापून आला. तपासलेल्या ४८ पुरुषांपैकी २१ जणांचं वाय गुणसूत्र एकाच नमुन्याचं निघालं, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के. त्याच भागातल्या दुसऱ्या आडनावांच्या पुरुषांत तो नमुना एकदाही सापडला नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की आजच्या साइक्स मंडळींचा मूळपुरुष बहुधा एकच असावा.

आता काकांना सांगण्याजोगी पहिली गोष्ट याच आकड्यात आहे. २१ जण जुळले. २७ जण जुळले नाहीत. जुळणारे अर्ध्याहून कमी आहेत! काका एकटे पडलेले नाहीत, ते बहुसंख्यांत आहेत.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. इंग्लंडात आडनावही बापाकडून मुलाकडे जातं. म्हणून दोन्ही बरोबरीने चालायला हवीत, ही या सगळ्या अभ्यासामागची कल्पना. पण आडनाव ही माणसांनी चालवलेली रीत आहे, गुणसूत्र हा शरीराचा व्यवहार. सातशे वर्षं दोन्ही कुठेच सुटी होऊ नयेत ही अपेक्षाच जास्त आहे.

एक मर्यादाही सांगते. त्या अभ्यासात गुणसूत्रावरच्या फक्त चार खुणा तपासल्या होत्या. त्या काळी तेवढंच परवडत होतं. आज शेकडो खुणा तपासता येतात.

दफ्तरदार

माझा प्रांत जुन्या कागदांचा, तेव्हा नावापुरतं लिहितो.

‘सिक’ किंवा ‘साइक’ म्हणजे उत्तर इंग्लंडात माळरानावरचा बारीक ओहोळ, उन्हाळ्यात कधी कधी आटणारा. पुष्कळ ठिकाणी तो दोन गावांची किंवा दोन शेतांची हद्द असायचा. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता आणि डॅनिश-नॉर्वेजियन वसाहतवाल्यांच्या भाषेतही त्याचाच भाऊ होता, त्यामुळे उत्तरेत तो पक्का रुजला. तुमच्या गावाच्या नावातलं ‘थ्वेट’ही नॉर्स, म्हणजे त्याच वसाहतवाल्यांच्या भाषेतलं. अर्थ, रान तोडून केलेली मोकळी जागा.

चौदाव्या शतकापर्यंत इंग्लंडातल्या साध्या माणसाला वडिलोपार्जित आडनाव असेलच असं नाही. एक जॉन गिरणीवाला, दुसरा जॉन टेकडीवरचा, तिसरा ‘देल साइक’, म्हणजे ओहोळाकाठचा. ते वर्णन होतं, आडनाव नव्हे. मुलगा दुसरीकडे राहायला गेला की वर्णन बदलायचं. साधारण १२५० ते १४०० या काळात ही वर्णनं हळूहळू घट्ट होत गेली आणि मुलाला बापाचंच नाव लागू लागलं. उत्तरेत हे दक्षिणेपेक्षा उशिरा झालं.

यॉर्कशरवाल्यांचं भाग्य असं की १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या वेस्ट रायडिंगसाठी, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम भागासाठी, फार चांगल्या टिकल्या आहेत. गावोगाव माणसाचं नाव आणि बहुतेकांपुढे चार पेन्स. ओहोळाकाठची मंडळी त्यात एकाहून अधिक गावांत दिसतात. आणि ते स्वाभाविक आहे, ओहोळ काय एकच असतो? म्हणून आडनावांच्या कोशकारांचं मत होतं की साइक्सची मुळं अनेक असणार.

मग २००० सालचा अभ्यास एकच मूळ म्हणतो आणि कागद अनेक म्हणतात, तर खोटं कोण? माझ्या मते कोणीच नाही. पण ते लॅबवाली जास्त चांगलं सांगतील.

कुलकर्णी_बेळगाववाले

फार सुंदर धागा. एक भाबडी शंका. आमच्यात कुलकर्णी म्हटलं की गावोगावचे वेगवेगळे, गोत्रंही वेगळी, कारण ते हुद्द्याचं नाव. इंग्रजांत स्मिथचं तसंच असणार ना? मग स्मिथांची चाचणी केली तर काय निघतं?

लॅबवाली

अगदी बरोबर पकडलंत. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी हेच तपासलं. २००६ साली त्यांनी एकाच आडनावाच्या, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांच्या १५० जोड्या घेतल्या. साधारण चौथा हिस्सा जोड्यांत अलीकडचा समान पूर्वज दिसला. आडनाव जितकं दुर्मीळ तितकी जुळण्याची शक्यता जास्त. २००९ साली ४० आडनावांचे १६७८ पुरुष तपासले. स्मिथ मंडळींत काहीच धागा सापडला नाही, रस्त्यावरची कोणतीही दोन माणसं घ्यावीत तसे ते एकमेकांना परके. लोहार गावोगाव होता, म्हणून स्मिथ गावोगाव झाले. याउलट अ‍ॅटनबरो हे नॉटिंगहॅमजवळच्या एकाच गावावरून पडलेलं आडनाव. त्यात दहातले जवळपास नऊ पुरुष एकाच गटाचे निघाले.

साइक्स या दोघांच्या मधे कुठेतरी बसतात.

आता दफ्तरदारांचा प्रश्न. समजा १३७९ मध्ये वेगवेगळ्या ओहोळांकाठी वीस असंबंधित साइक्स घरं होती. प्रत्येक पिढीत काहींना मुलगाच होत नाही, काहींची मुलं लहानपणी जातात. त्या घराचं आडनाव तिथे संपतं. कोणाला पाच मुलगे होतात आणि ते सगळे जगतात. वीस-पंचवीस पिढ्यांनी बघाल तर वीसपैकी बहुतेक घरं बुजलेली आणि एखाद-दोन घरांची पिलावळ खोऱ्याभर पसरलेली. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने १८७४ साली आडनावं कशी नामशेष होतात याचं गणित मांडलं, ते नेमकं हेच. त्यात १३४८-४९ च्या महामारीने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली होती. म्हणजे आधीच विरळ झालेल्या नावांवर हा पुढचा खेळ झाला.

म्हणून कागद म्हणतात मुळं अनेक, आणि रक्त म्हणतं उरलेलं मूळ मोठ्या प्रमाणात एकच. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पऱ्ह्याकाठ

दफ्तरदार, ‘ओहोळ’ वाचून अंगावर काटा आला. मी संगमेश्वरकडची. आमच्याकडे पावसाळी बारक्या ओढ्याला पऱ्ह्या म्हणतात, म्हणून तर हे नाव घेतलंय. साइक म्हणजे तोच की!

काल काकांना हे सांगितलं तर टोपी चढवून मला माळावर घेऊन गेले. दगडी गडग्याच्या फटीतून पलीकडे उतरलो. लव्हाळ्याच्या झुपक्यांतून जेमतेम वीतभर रुंदीचं पाणी, कोऱ्या चहासारखं तपकिरी, कारण खालची माती पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची. आवाज फक्त जवळ गेलं तरच येतो. काकांनी काठी टोचून दाखवली आणि म्हणाले, लहानपणी याच्या अलीकडे आमची हद्द आणि पलीकडे दुसऱ्यांची, मेंढी पलीकडे गेली की भांडण. नकाशावर त्याच्यापुढे ‘साइक’ असं छापलेलंही आहे. आयुष्यभर ते नाव लावलं, पण त्याचा अर्थ हे पाणी, हे त्यांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

पण परत येताना तेच म्हणाले: “नाव इथलं आहे खरं. पण माझं नव्हे.”

त्यांना सगळ्यात काय टोचतंय ते आता कळलं. कोणीतरी, कधीतरी, आपल्या घरात खोटं बोललं असं त्यांना वाटतंय.

लॅबवाली

हे मात्र काकांच्या मनातून काढायलाच हवं. नाव आणि गुणसूत्र सुटं होण्याची कारणं पुष्कळ आहेत. बायकोने फसवलं हे त्यातलं एकच, आणि ते लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी घडतं. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये मार्टेन लार्मूसो यांच्या गटाने पाचशे वर्षांच्या वंशावळी आणि आजच्या पुरुषांचे डीएनए ताडून पाहिले. २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. एकंदर प्रमाण दर पिढीला एक-दीड टक्क्याच्या आसपास. विरळ वस्तीतल्या शेतकऱ्यांत अर्धा टक्का. एकोणिसाव्या शतकात दाटीवाटीच्या गिरणगावांतल्या अगदी गरीब वस्तीत मात्र जवळपास सहा टक्के. आणि तिथे सुद्धा ‘फसवणूक’ म्हणून मोकळं होता येत नाही. त्या बायकांवर काय काय गुदरलं असेल ते आकड्यात कुठे दिसतं?

साधं गणित करून बघा. दर पिढीला शंभरातल्या एका घरात नाव आणि गुणसूत्र सुटं झालं असं धरा. पंचवीस पिढ्यांनी मूळ गुणसूत्र ७८ टक्क्यांकडे उरतं. शंभरात दोन धरले तर ६० टक्के. तीन धरले तर ४७. म्हणजे एखाद्या पिढीत उभं राहून पाहिलं तर सत्त्याण्णव घरं सुरळीत दिसतील, आणि तरी सातशे वर्षांनी निम्मे पुरुष ‘न जुळणारे’ निघतील. यात कोणाच्या घराण्याला बट्टा लागायचं काही कारण नाही.

दफ्तरदार

कारणांची यादी मी देतो, कागदांत रोज दिसणारी. विधवेने दुसरं लग्न केलं आणि मुलांनी सावत्र बापाचं नाव लावलं. अनाथ पोर मामाकडे वाढलं. जावयाने सासऱ्याच्या इस्टेटीसाठी सासरचं आडनाव घेतलं.

शेवटच्याचं ठळक उदाहरण उत्तर इंग्लंडातलंच. नॉर्थम्बरलंडचं पर्सी घराणं म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातल्या हॉटस्परचं घराणं. अठराव्या शतकात त्याचा वारसा एका पर्सी वारसदारणीच्या नातीकडे आला. तिचा नवरा सर ह्यू स्मिथसन. १७५० मध्ये त्याने आपलं आडनाव सोडून पर्सी घेतलं आणि पुढे ड्यूक झाला. त्यानंतरचे सगळे पर्सी बापाच्या बाजूने स्मिथसन आहेत. त्याच ड्यूकला लग्नाबाहेर झालेला मुलगा आधी आई लावायची ते मेसी नाव लावायचा, नंतर त्याने बापाचं मूळ स्मिथसन लावलं. तो शास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन. त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशावर वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी आहे. म्हणजे औरस मुलांकडे आईच्या आजीच्या घराण्याचं नाव आणि बापाने टाकलेलं नाव अनौरस मुलाकडे!

आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाला कोणी ‘तू त्या घराण्याचा नव्हेस’ म्हणत नाही. गादी चालते, श्राद्ध चालतं. काकांना हे सांगून बघा.

सातासमुद्रा

लेस्टरचा विषय निघालाय म्हणून. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये तिथल्या मोटारतळाखाली सापडला, त्याची डीएनए तपासणीही टुरी किंग यांनीच केली. आईच्या बाजूचा डीएनए बहिणीच्या वंशजांशी जुळला. पण वाय गुणसूत्र, वंशावळीप्रमाणे बापाच्या रेघेने त्याच राजघराण्यातून आलेल्या बोफर्टच्या ड्यूक घराण्यातल्या पाच पुरुषांपैकी एकाशीही जुळलं नाही, आणि त्या पाचांतलाही एक बाकी चौघांपेक्षा वेगळा निघाला. राजघराण्याच्या इतक्या जपलेल्या वंशावळीत हे, तर गिरणी कामगाराच्या घरात काय नवल?

लॅबवाली

यॉर्कशरचंच आणखी एक उदाहरण, माझं सगळ्यात आवडतं. पूर्व यॉर्कशरमध्ये एक अगदी दुर्मीळ आडनाव आहे. त्या नावाच्या एका पुरुषाचं वाय गुणसूत्र ए-वन गटाचं निघालं. हा गट तोवर जवळजवळ फक्त पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांत सापडला होता. हा माणूस गोरा, घरात आफ्रिकेचा कोणाला मागमूस नाही. मग त्याच आडनावाचे १८ पुरुष तपासले, त्यांतल्या सात जणांत तेच गुणसूत्र. वंशावळी जोडत गेल्यावर त्या दोन शाखांवर आल्या, १७८० च्या दशकात यॉर्कशरमध्येच जन्मलेल्या पूर्वजांपर्यंत. म्हणजे आफ्रिकेतून आलेला पुरुष त्याही आधीचा. गुलामांच्या व्यापाराच्या काळातला असेल, किंवा उत्तर इंग्लंडातल्या हेड्रियनच्या भिंतीवर रोमन सैन्याबरोबर आलेल्या आफ्रिकी तुकडीतला असेल. हे २००७ साली छापून आलं.

अशा वेळी ‘इंग्लिश आडनावाचं इंग्लिश रक्त’ म्हणजे नेमकं काय म्हणायचं?

मुठाकाठ

इतके प्रतिसाद वाचले तरी कोणी आपल्या साइक्सचं नाव काढलं नाही, म्हणून लिहितो.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९०, ब्रॅडफर्डजवळ. ब्रॅडफर्ड म्हणजे तुमच्या हडर्सफील्डपासून हाकेच्या अंतरावर, वेस्ट रायडिंगच्या ऐन साइक्स मुलखात. पोरवयात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आला आणि खडकीच्या लढाईत होता. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी नेमलं. मग हा गृहस्थ पुण्यात राहून दख्खनची खानेसुमारी, जमीनधारा, पाऊस, हवेचा दाब, पक्षी, जनावरं, मासे, सगळं मोजत आणि टिपत सुटला. परत गेल्यावर लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या स्थापनेत होता, पुढे तिचा अध्यक्षही झाला.

पक्षी बघणाऱ्यांना ‘साइक्सचा चंडोल’ माहीत असेल, दख्खनच्या माळावरचा, डोक्यावर तुरा, पोट तांबूस. त्याचं शास्त्रीय नाव साइक्सने ‘देवा’ ठेवलं. दुसऱ्या एका वटवट्याचं ‘रामा’. पण मला त्याचं कौतुक माशांसाठी. मुळा-मुठा आणि भीमेतले मासे त्याने कोळ्यांकडून घेतले आणि लॅटिन नावांत नदीवरचेच शब्द घातले. दख्खनचा महाशीर आजही शास्त्रात ‘टॉर खुदरी’ आहे. ‘कोलस’, ‘ताकरी’, ‘नुक्ता’ ही सगळी नावं त्याचीच. ‘रोहटी’ तर त्याने अख्ख्या प्रजातीसमूहाचं नाव केलं. त्यातल्या काही माशांची आता पुण्याच्या पाण्यात गाठ पडत नाही, आम्ही गळ टाकणारे आठ-आठ दिवस बसून रिकाम्या हाताने येतो. पण नाव जगभरच्या पुस्तकांत मराठीच आहे.

काकांना सांगा, तुमच्या आडनावाचा एक माणूस आमच्या नदीच्या बोलीतले शब्द सांभाळून गेला.

कुलकर्णी_बेळगाववाले

मुठाकाठ, हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

लॅबवाली

ताई, एक मूळ मुद्दा राहिलाच. वाय गुणसूत्र म्हणजे काकांच्या पूर्वजांपैकी फक्त एकाची रेघ. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या १०२४ जागा भरतात. त्यातली आडनावाची जागा एक. बाकी १०२३ जागांवरची माणसं बहुतेक त्याच खोऱ्यातली असणार. ऑक्सफर्डच्या गटाने २०१५ साली ब्रिटनच्या ग्रामीण भागातल्या २०३९ लोकांच्या अख्ख्या जनुकसंचावरच्या खुणा तपासल्या. सगळ्यांचे चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले. नकाशावर १७ गट उमटले, आणि वेस्ट यॉर्कशरचा गट वेगळा उठून दिसला. त्या खोऱ्यातली माणसं शतकानुशतकं एकमेकांतच लग्नं करत राहिली म्हणून.

काकांची सर्वसाधारण चाचणी झाली आहे म्हणालात. तिच्यात दूरच्या नातेवाइकांची यादी असते. तीत साइक्स नावाचे लोक आहेत का, ते बघाल?

पऱ्ह्याकाठ

बघितलं. चौघं आहेत! दोघं हडर्सफील्डचे, एक कॅनडात, एक न्यूझीलंडमध्ये. यादीत ‘तिसऱ्या-चौथ्या पिढीतली चुलत भावंडं’ असं म्हटलंय. मला अर्थ लागेना. बापाच्या रेघेने साइक्स नाहीत आणि तरी साइक्स नातेवाईक?

दफ्तरदार

अर्थ लागतो! मला वाटतं मी ओळखलं, पण अंदाजावर बोलत नाही. असं करा.

इंग्लंडात जन्माची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून आहे. जनरल रजिस्टर ऑफिसची सूची इंटरनेटवर आहे आणि तीत प्रत्येक बाळापुढे आईचं माहेरचं आडनाव देतात. आई अविवाहित असेल तर त्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते. काकांचे वडील, मग त्यांचे आजोबा, मग पणजोबा, असं एकेक पायरी मागे जा. रेघ दिसली की थांबा आणि तो दाखला मागवा, थोड्या पौंडांत मिळतो. जोडीला दर दहा वर्षांच्या जनगणनेची घरवार पानं बघा.

पऱ्ह्याकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. दाखला यायला वेळ लागला.

काकांच्या आजोबांपाशीच रेघ सापडली. जन्म १८७०. दाखल्यात बापाच्या नावाचा रकाना कोरा, धंद्याचा रकाना कोरा. आईच्या रकान्यात तिचं नाव, आडनाव साइक्स, आणि ‘लोकरीच्या मागावर विणणारी’. नोंद तिनेच केली आहे. सहीच्या जागी फुली.

मग एप्रिल १८७१ च्या जनगणनेचं पान काढलं. घरप्रमुख साइक्स, विणकर. त्याची बायको. तीन मुलगे. एक मुलगी, वय १९, अविवाहित. आणि शेवटच्या ओळीत, ‘नातू, वय ७ महिने’.

दफ्तरदार, तुमचा अंदाज हाच होता ना? नाव आईकडून आलं. ते चौघं साइक्स तिच्या भावांचे वंशज असणार.

काल संध्याकाळी दोन्ही कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी चष्मा लावला, दाखला दिव्याखाली धरला. बराच वेळ फुलीवर बोट ठेवून बसले होते. मी घाबरले, आपण उगाच खोदलं की काय. मग म्हणाले, “कोणी खोटं बोललं नव्हतं.” आणि थोड्या वेळाने, “म्हणजे साइक्स ती होती.”

दिवाणखान्यात त्यांच्या आजोबांचा फोटो आहे, गिरणीच्या फाटकात, टोपी घातलेला. त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर काकांनी पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं. मला विचारलं, आजोबांच्या आईला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी म्हटलं, पणजी. दोन-तीनदा म्हणून पाहिलं त्यांनी.

वाय गुणसूत्राचा कागद अजून चहाच्या डब्यातच आहे. आता त्यांना तो पुरुष कोण होता याची उत्सुकता नाही. ती पुढे कुठे गेली, लग्न झालं का, कुठे पुरली, हे हवंय. इथल्या चर्चच्या आवारात तिचा दगड नाही, रविवारी दोघांनी सगळा फिरून पाहिला. दफ्तरदार, पुढे कुठे शोधू?

दफ्तरदार

दगड नसेलच, विणकर मुलीच्या नावाचा दगड कोण लावणार. पण दफनाची नोंद असेल. १८८१ च्या जनगणनेत तिला त्याच नावाने शोधा. नाही सापडली तर लग्न झालं असं धरून १८७१ ते ८१ मधली लग्नं बघा. खोऱ्यात मेथडिस्ट, बॅप्टिस्ट चॅपलवाले पुष्कळ होते, तेव्हा फक्त मोठ्या चर्चच्या वहीवर थांबू नका. वेस्ट यॉर्कशर अर्काइव्हचं मुख्य दफ्तर वेकफील्डला आहे आणि हडर्सफील्डलाही त्यांची शाखा आहे. जाण्याआधी फोन करून चॅपलच्या वह्या कुठे ठेवल्या आहेत ते विचारा. काकांना बरोबर न्या. दाखल्याची प्रत घ्यायला विसरू नका.

पऱ्ह्याकाठ

गुरुवारी जातोय. काकांनी डबा मागितलाय, भाकरी आणि पातीची भाजी.